आधी ‘मला कळले नाही’चा चेहरा काढा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाची निघाली. संस्था, दुकाने आणि दवाखाने आपापल्या संकेतस्थळावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर चॅटबॉट बसवू लागले आहेत आणि त्या उत्तरे देणाऱ्या यंत्राला एखादा प्रेमळ चेहरा द्यावा, असे अनेकांच्या मनात आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले, कारण उरलेल्या प्रश्नांचे मूळही त्याच पत्रात आहे.

प्रश्न : रावपुऱ्यात आमचा एक जुना धर्मादाय दवाखाना आहे. कोणत्या दिवशी कोणते डॉक्टर बसतात, नाव कसे नोंदवायचे, रक्ताचा रिपोर्ट आला का, असे तेच ते प्रश्न विचारणारे फोन दिवसभर येत असतात. म्हणून एका विश्वस्तांच्या भाच्याने मराठी, गुजराती आणि हिंदीत उत्तरे देणारा चॅटबॉट तयार केला. तो चालतो व्यवस्थित, पण रुग्णांना कोरडा वाटतो. त्याला एखादे हसरे चित्र जोडावे असे ठरले आणि चार स्केचेस आली : गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेले डॉक्टर, पांढरी टोपी घातलेली नर्स, चौकोनी डोक्याचा रोबो आणि पारंब्यांची दाढी असलेला वड. पूर्वी आम्ही रुग्णांना नंबर कोरलेला पितळी बिल्ला देत असू, तसे काहीतरी जुने घ्यावे असेही एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे आहे. आम्ही कोणते चित्र निवडावे?
— एक विश्वस्त, रावपुरा

उत्तर : चारही स्केचेस मी टेबलावर शेजारी शेजारी मांडून दोन दिवस येता-जाता पाहिली. काढणाऱ्याचा हात चांगला आहे, विशेषतः वडाच्या पारंब्यांची रेषा मला फार आवडली. तरीही या चारांपैकी एकही घेऊ नये असे माझे मत आहे, आणि नवे चित्र काढायला बसण्याआधी तुमच्या त्या भाच्याकडून एक यादी मागवून घ्यावी असे मी सुचवीन. गेल्या महिनाभरात रुग्णांनी चॅटबॉटला काय काय विचारले आणि त्यांतल्या कोणकोणत्या प्रश्नांना त्याला उत्तर देता आले नाही, अशी ती यादी असावी. चित्राचे खरे काम त्या न आलेल्या उत्तरांपासून सुरू होते.

असे का म्हणते, ते माझ्या एका अनुभवावरून सांगते. काही वर्षांपूर्वी बिले स्वीकारणाऱ्या एका कंपनीसाठी मी असेच एक पात्र काढून दिले होते. गोल चेहरा, मोठे डोळे, उजव्या हाताचा अंगठा वर आणि तोंडभर हसू. मागणी एकाच चित्राची होती आणि मी एकच दिले. पुढे एका परिचितांनी मला त्यांचा फोन दाखवला. खात्यातून पैसे कापले गेले होते, बिल भरले गेले नव्हते, पडद्यावर ‘आपला व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही’ असे वाक्य होते, आणि त्या वाक्याच्या डाव्या बाजूला माझे ते पात्र अंगठा वर करून हसत होते. ‘हे माझ्यावर हसते आहे का?’ असे त्यांनी मला विचारले. ते चित्र मी काढले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. तेव्हापासून असे काम आले की हसरा चेहरा मी सर्वांत शेवटी काढते. पहिला कागद ‘मला कळले नाही’ या चेहऱ्याचा असतो, कारण माणसाला सौजन्याची खरी गरज तेव्हा असते. काम झालेल्या माणसाला चित्राकडे पाहायला सवडही नसते.

आता तुमच्या चार चित्रांविषयी. डॉक्टरांचे चित्र मी सर्वांत आधी बाजूला ठेवले. चित्र हे एक आश्वासन असते. पडद्यावर स्टेथोस्कोप दिसला की समोरची व्यक्ती वेळापत्रक विचारून थांबणार नाही. ती गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर हे विचारील, मुलाला एकशे दोन ताप आहे असे सांगेल आणि आलेल्या उत्तरावर विश्वासही ठेवील. तुमचा चॅटबॉट चौकशीच्या खिडकीचे काम करतो, त्याला डॉक्टरांचा वेश चढवणे हे रुग्णाच्या दृष्टीने धोक्याचे आहे. नर्सच्या चित्रात हीच अडचण आहे आणि आणखी एक आहे. मुकाट्याने हुकूम ऐकणारी मदतनीस म्हटली की ती स्त्रीच असणार, हा समज आवाजी सहायकांमुळे आणखी पक्का होतो, असा इशारा युनेस्कोने २०१९ च्या एका अहवालात दिला होता. दवाखान्यात खऱ्या परिचारिका दिवसभर उभ्या राहून राबतात, त्यांची खूण या यंत्राला देऊ नये असे मला मनापासून वाटते. रोबो प्रामाणिक आहे, आपण यंत्र आहोत हे तो लपवत नाही. पण तो या दवाखान्याचा वाटत नाही, तो कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही पानावर बसू शकतो. वडाबद्दल मला खरोखर वाईट वाटले. वडोदरा म्हणजे वडाच्या उदरातले गाव, ही व्युत्पत्ती आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि म्हणूनच या शहरात वड इतक्या ठिकाणी बोधचिन्ह होऊन बसला आहे की तो दवाखान्याचा म्हणून ओळखू येणे कठीण आहे. शिवाय पारंब्या बारीक असतात, आणि बारीक रेषा फोनवर टिकत नाहीत.

तुमच्या ज्येष्ठ सभासदांची सूचना मात्र मला लाखमोलाची वाटली. पितळी बिल्ला घ्या. हातात बिल्ला पडला की आपला नंबर लागला, आता बाकावर बसायला हरकत नाही, ही भावना रुग्णाच्या मनात आधीपासून आहे. बिल्ला औषध देत नाही, निदान करत नाही, तो फक्त योग्य दाराशी पोहोचवतो, आणि तुमचा चॅटबॉट नेमके तेवढेच करतो. त्याला स्त्री-पुरुष, वय, जात, पेहराव यांचा प्रश्न पडत नाही. तो गोल आहे, हा तर मोठाच फायदा आहे. बहुतेक चॅटच्या खिडक्यांत चित्र वर्तुळात कापले जाते. चौकोनात बसवलेले वर्तुळ चौकोनाचा साधारण ७९ टक्केच भाग राखते, चारही कोपरे मिळून २१ टक्के चित्र कापले जाते. तुमच्या रोबोचे दोन्ही अँटेना त्या २१ टक्क्यांत गेले असते. बिल्ल्याचे काहीच जात नाही.

तो काढताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतील. बिल्ल्यावर नंबर घालू नका. मोह होईल, पण तिथे ५ लिहिला की निम्मे रुग्ण आपला नंबर पाचवा आहे असे समजून येतील. नंबराच्या जागी डोळे येतील आणि वरचे दोरा ओवायचे भोक तसेच ठेवा, कारण त्या भोकामुळेच तो बिल्ला आहे हे कळते. भोक नसले तर ते नाणे किंवा नेहमीचे पिवळे हसरे तोंड वाटेल. दुसरी काळजी रंगाची. पितळी पिवळा रंग पांढऱ्या पार्श्वभूमीवर विरून जातो. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत अर्थवाही चित्रासाठी किमान ३:१ आणि साध्या मजकुरासाठी ४.५:१ इतका उजेड-अंधाराचा फरक सांगितला आहे. साधा पितळी पिवळा पांढऱ्यावर ३:१ गाठत नाही, म्हणून कडेला गडद तपकिरी जाड रेषा हवीच. डोळे आणि तोंडही त्याच तपकिरीत काढा, म्हणजे रात्री ज्यांच्या फोनचा पडदा काळा होतो त्यांनाही पिवळ्या बिल्ल्यावरचे भाव स्वच्छ दिसतील.

आता त्या पहिल्या चेहऱ्याकडे येते. ‘मला कळले नाही’ हा भाव काढताना नवखे चित्रकार दोन चुका करतात. एक म्हणजे भुवया मध्यभागी खाली ओढतात. त्याने चेहरा रागावलेला किंवा संशयी दिसतो, जणू प्रश्न विचारणाऱ्याचेच चुकले. दुसरी म्हणजे तोंडाची टोके खाली वळवून डोळ्यांत पाणी आणतात. मग आजारी माणसाने यंत्राचे सांत्वन करावे की काय, अशी अवस्था होते. भुवयांची आतली टोके किंचित वर घ्या, डोळे नेहमीपेक्षा थोडे अधिक उघडे ठेवा, तोंड ही एक लहान आडवी रेषा असू द्या, आणि संपूर्ण बिल्ला आठ-दहा अंशांनी एका बाजूला कलता करा. ऐकू न आलेला शेजारी मान जशी तिरपी करतो तसे ते दिसते. त्या चेहऱ्याशेजारचे वाक्यही तुम्हीच लिहून द्या, प्रोग्रॅमरवर सोडू नका. ‘अवैध इनपुट’ या दोन शब्दांसमोर कोणताही चेहरा हरतो. ‘मला हे नीट कळले नाही. खिडकीवरच्या माणसाला विचारू का?’ असे वाक्य आणि त्याखाली ‘हो’ असे एक बटण पुरे.

त्यानंतर बाकीचे भाव करा. शांत बसलेला, ऐकत असलेला, रिपोर्ट शोधत असलेला, माहिती मिळालेला आणि पुढचे काम माणसाकडे सोपवणारा, एवढे पाच त्यात मिळवले की सहा चेहऱ्यांत काम भागते. नजरेचीही दिशा ठरवा. पात्र डाव्या कडेला असते आणि उत्तर त्याच्या उजवीकडे उमटते, म्हणून बुबुळे किंचित उजवीकडे सरकलेली हवीत. माणसाची नजर समोरच्याच्या नजरेमागे जाते, त्यामुळे वाचणारा आपोआप मजकुराकडे वळतो. ‘छातीत दुखते आहे’, ‘श्वास लागतो आहे’ असे काही कोणी लिहिले, तर मात्र तिथे एकही चेहरा नको. चित्र पूर्ण काढून टाका आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मोठ्या अक्षरांत, बोट ठेवताच फोन लागेल असा द्या.

या चेहऱ्यांची तपासणी विश्वस्तांच्या बैठकीत करू नका. सहाही चेहरे साधारण आठ मिलिमीटर व्यासाचे छापून घ्या, सकाळी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसा आणि शेजारच्या आजींना ते हातभर अंतरावरून दाखवा. ‘आवडला का?’ असे विचारले तर कोणीही भिडेखातर ‘हो’ म्हणते. ‘हा काय म्हणतो आहे?’ असे विचारा. ‘शोधतो आहे’ या चेहऱ्याला दोन-तीन जणांनी ‘झोपला आहे’ म्हटले, तर कागद परत टेबलावर घ्यायचा. एकदा फोनवरही दाखवा, आणि तोही बाहेर रस्त्यावर उन्हात उभे राहून, कारण लोक तो तिथेच पाहणार आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मर्यादा येते. तिथे खात्याचे चित्र प्रत्येक उत्तरागणिक बदलता येत नाही, म्हणून तिथे शांत चेहराच ठेवा आणि गरज पडेल तेव्हा भाव स्टिकरमधून पाठवा. स्टिकर ५१२ × ५१२ पिक्सेलचा आणि हलणारा नसेल तर १०० केबीच्या आत असावा लागतो.

नावाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण पुढच्या बैठकीत तो विषय निघणारच. आपल्या शहरात नाते लावून नाव ठेवणे जपून करावे लागते. ‘दादा’ म्हटले की मराठी रुग्णाला थोरला भाऊ दिसतो आणि गुजराती रुग्णाला आजोबा. ‘बा’ म्हणजे गुजरातीत आई किंवा आजी, तर मराठीत बाप. ‘बिल्ला’ हे नुसते नाव ठेवले तर आमच्या पिढीला सत्तरच्या दशकातले रंगा-बिल्ला या खुन्यांचे भयंकर प्रकरण आठवते. दवाखान्याच्या यंत्राला नाव नसले तरी चालते. वरच्या पट्टीत ‘दवाखान्याची चौकशी’ असे तिन्ही भाषांत लिहा आणि त्याखाली लहान अक्षरांत ‘हे यंत्र आहे’ असेही लिहा.

प्रश्न : ताई, मी उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चॅटबॉटसाठी पात्र काढायचा प्रकल्प आम्हाला मिळाला आहे. मी माणसाचा अगदी हुबेहूब चेहरा केला, त्वचेवरची छिद्रेसुद्धा काढली. सरांनी ‘तंत्र उत्तम, पण पाहवत नाही’ असे लिहून परत दिला. इतकी मेहनत करून चेहरा प्रेमळ का दिसत नाही?
— एक विद्यार्थिनी, कारेलीबाग

उत्तर : तुझ्या सरांनी जे लिहिले त्याला १९७० पासून एक नाव आहे. मासाहिरो मोरी या जपानी प्राध्यापकांनी त्या वर्षी असे मांडले की यंत्र किंवा बाहुली माणसासारखी होत जाते तसतशी ती आपल्याला अधिक आपली वाटू लागते, पण माणसाच्या अगदी जवळ येऊन थोडक्यात चुकली की ती आपुलकी एकदम कोसळते आणि तिथे एक प्रकारची भीती उरते. आलेखावर त्या जागी एक खोल दरी दिसते, म्हणून इंग्रजीत याला ‘अनकॅनी व्हॅली’, म्हणजे अस्वस्थ करणारी दरी, म्हणतात. तुझा चेहरा त्या दरीत आहे. छिद्रे खरी आहेत, पण डोळ्यांत ओलावा नाही, ओठ हलतात तेव्हा गाल हलत नाहीत, आणि पाहणाऱ्याला हे शब्दांत सांगता आले नाही तरी जाणवते.

मोरी यांनी त्याच लेखात जपानच्या पारंपरिक बुनराकू बाहुल्यांचा उल्लेख केला आहे. जवळून पाहिले तर त्या काही माणसासारख्या दिसत नाहीत, पण रंगमंचावर त्या आपल्याला रडवतात. आपल्याकडचे उदाहरण तर तुझ्या आजी-आजोबांनाही माहीत असेल. पाध्ये कुटुंबाचा अर्धवटराव शंभराहून अधिक वर्षे मराठी घरांत हसवतो आहे. त्याचा जबडा फटीतून सरळ खाली पडतो, भुवया खटकन वर जातात, तो लाकडी बाहुला आहे हे तीन वर्षांच्या मुलालाही कळते. त्याने लाकूड लपवले नाही, म्हणूनच आपण त्याच्या बोलण्यावर भाळतो. तू छिद्रे काढायला जे दिवस दिलेस, ते भुवईच्या एका रेषेला दे. भुवईचे आतले टोक कागदावर दोन मिलिमीटर वर-खाली केल्यास चेहरा काय काय म्हणतो, याची वीस चित्रे एका पानावर काढून पाहा.

साधेपणाचा दुसरा नमुना तुझ्या घरापासून फार लांब नाही. शेजारच्या आणंदच्या लोण्याची ती ठिपक्याठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६० च्या दशकापासून आहे. निळे केस, वर बांधलेली बट, गोल चेहरा आणि तो फ्रॉक, एवढ्यावर ती महामार्गावरून धावत्या गाडीतून ओळखू येते. तुझे पात्र नुसते काळे भरून पाहा. बाह्यरेषेवरून ते ओळखू आले नाही, तर आत कितीही काम केले तरी फोनवर ते हरवणार.

एक सावधगिरी मात्र बाळग. कॉन्राड लॉरेंट्स या प्राणिवर्तन-शास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये दाखवून दिले की मोठे कपाळ, चेहऱ्यावर खाली बसलेले मोठे डोळे आणि फुगीर गाल दिसले की आपल्या मनात बाळाबद्दल वाटते तशी माया दाटते. म्हणून सगळे जण पात्रांना मोठे डोळे देतात. खेळण्यांच्या दुकानाला ते शोभते. कर्जाचा हप्ता, परीक्षेचा निकाल किंवा तपासणीचा रिपोर्ट सांगणारे पात्र बाळासारखे दिसले तर त्याच्या शब्दावर विश्वास बसत नाही. तुझा चॅटबॉट कोणते काम करणार आहे हे तू पत्रात लिहिलेले नाहीस. ते ठरल्याशिवाय डोळ्यांचे माप ठरत नाही.

प्रश्न : आमच्या फरसाणाच्या दुकानासाठी मी एआयकडून चॅटबॉटचे चित्र करून घेतले आहे. पाच मिनिटांत सुंदर चित्र मिळाले. चित्रकाराची गरज उरली आहे का?
— एक दुकानदार, दांडिया बाजार

उत्तर : एक चित्र हवे असेल, तर तुमचे काम झाले आहे. पण तेच पात्र ‘आज भाकरवडी संपली’ असे सांगतानाचे, आणि मग ‘ऑर्डर निघाली’ असे सांगतानाचे मागून पाहा. अनेकदा टोपीची पट्टी बदलते, मिशी जाड होते, बोटे कमी-जास्त होतात, आणि ग्राहकाला दर वेळी दुसराच माणूस दुकानात उभा आहे असे वाटते. पात्र घडवणारे चित्रकार म्हणूनच आधी एक नमुनापत्रक करतात. त्यात समोरून, बाजूने, हसताना, गोंधळताना, असे सगळे एकाच मापात असते, डोक्याच्या किती पट अंग हेही लिहिलेले असते. तुम्ही मिळवलेले चित्र एखाद्या चित्रकाराला कच्चा खर्डा म्हणून द्या आणि त्यावरून नमुनापत्रक करून घ्या. ते एखाद्या प्रसिद्ध कार्टूनशी फार मिळतेजुळते तर नाही ना, हेही त्याच वेळी तपासून घ्या.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या संकेतस्थळावरचे पात्र सतत उड्या मारते, डोळे मिचकावते, हात हलवते. तरुण सभासदांना ते जिवंत वाटते, मला वाचताना त्रास होतो. हा माझ्या वयाचा दोष आहे का?
— एक वाचक, अलकापुरी

उत्तर : दोष तुमच्या वयाचा नाही. डोळ्याच्या कडेला हालचाल दिसली की लक्ष तिकडे जाते, हे कोणत्याही वयात घडते. वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार मजकुराशेजारी आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ हलत राहणारी गोष्ट थांबवण्याची सोय वाचकाला द्यावी लागते, आणि कोणतेही चित्र सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखू नये, कारण त्याने काहींना फीट येऊ शकते. फोनमध्ये ‘हालचाल कमी करा’ अशी एक सेटिंग असते. ती चालू असेल तर पात्राने स्थिर बसले पाहिजे.

हालचालीला एक काम द्यावे. उत्तर यायला वेळ लागतो आहे हे कळवण्यासाठी ती योग्य आहे. संगणक वापरायला सोपा कसा करावा याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी संगणकाच्या प्रतिसादाची जी मापे १९९३ मध्ये लोकप्रिय केली, त्यांत १ सेकंदापर्यंत माणसाच्या विचाराचा धागा तुटत नाही आणि १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते असे म्हटले आहे. म्हणजे एका सेकंदाच्या आत उत्तर येणार असेल तर पात्राने हलण्याचे कारणच नाही, आणि दहा सेकंदांहून अधिक लागणार असतील तर नाचून दाखवण्याऐवजी ‘अजून अर्धा मिनिट लागेल’ असे सांगावे.

यासंदर्भात मायक्रोसॉफ्टच्या त्या कागदाच्या क्लिपची आठवण होते. ऑफिस ९७ या सॉफ्टवेअरबरोबर ती पडद्यावरची मदतनीस म्हणून आली, पत्र लिहायला घेतले की भुवया उडवत मध्ये यायची आणि मदत हवी का विचारायची. नको म्हटले तरी पुन्हा यायची. २००१ च्या आवृत्तीत ती आपोआप येणे बंद झाले आणि २००७ च्या आवृत्तीतून ती काढूनच टाकली. चित्र म्हणून ती मला आजही सुरेख वाटते. एका तारेला दोन डोळे लावून इतके भाव आणणे सोपे नाही. न बोलावता येणे आणि सांगितलेले लक्षात न ठेवणे, या दोन गोष्टींनी त्या चित्रकाराच्या कामावर पाणी फिरवले. तुमच्या संस्थेला एवढेच सांगा की पात्राने बोट ठेवल्यावर यावे आणि बंद केले की त्या दिवशी परत येऊ नये.

दृष्टिहीन वाचकांचीही आठवण करून द्या. पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर प्रत्येक उत्तरापूर्वी ‘हसणारे, हात हलवणारे पात्र’ असे वाचत बसले तर ऐकणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. शोभेच्या चित्राचे वर्णन रिकामे ठेवायची सोय असते, ती प्रोग्रॅमरला ठाऊक असते.

प्रश्न : माझे वय चौऱ्याहत्तर आहे. गॅस, वीज, बँक यांची कामे मी फोनवर स्वतः करते. एका ठिकाणी उत्तरे देणाऱ्या मुलीचा फोटो असतो. काम झाले की मी तिला ‘धन्यवाद, बाळा’ असे लिहीत असे. परवा नातवाने सांगितले की तिथे कोणी मुलगी नाही, सगळे यंत्र आहे. तेव्हापासून मला फार ओशाळल्यासारखे झाले आहे. माझे चुकले का?
— एक आजी, वाडी

उत्तर : आजी, तुमचे काहीही चुकले नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा, माणसाशी संवाद करणारा संगणकाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्याला चेहरा नव्हता, आवाज नव्हता, नुसती टाइप केलेली अक्षरे होती, आणि समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्न विचारण्यापलीकडे तो फारसे काही करत नसे. तरीही वायझेनबाउम यांच्या स्वतःच्या सेक्रेटरीने थोडा वेळ त्याच्याशी बोलल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले होते. तो प्रोग्रॅम कसा तयार होतो आहे हे तिने महिनोन्‌महिने पाहिले होते. कोणी आपल्याला उत्तर दिले की त्याला माणूस समजणे हा माणसाचा स्वभाव आहे. नुसत्या अक्षरांनी जर एवढे होत असेल, तर तिथे खऱ्या मुलीचा हसरा फोटो लावल्यावर तुम्हाला ती मुलगी वाटणे अगदी साहजिक आहे. यंत्राच्या जागी जिवंत माणसाचा फोटो लावणाऱ्यांचे हे चुकले. ओशाळायचे असेल तर त्यांनी ओशाळावे. हाताने काढलेले चित्र वापरा, फोटो नको, असे मी या पानावर वारंवार म्हणते ते तुमच्यासारख्या वाचकांसाठीच.

यापुढे शंका आली तर सरळ लिहा, ‘तू माणूस आहेस की यंत्र?’ नीट बनवलेले यंत्र खरे सांगते. उत्तर टाळले गेले किंवा तेच वाक्य पुन्हा आले, तर ‘मला माणसाशी बोलायचे आहे’ असे लिहा. बहुतेक ठिकाणी तेवढ्याने पुढची सोय होते. ‘धन्यवाद’ लिहायचे असेल तर खुशाल लिहा, तो तुमच्या बोलण्याचा रिवाज आहे. फक्त समोरचा चेहरा कितीही गोड असला, तरी ओटीपी, पिन किंवा कार्डाच्या मागचे तीन आकडे तिथे कधीही लिहू नका. ते विचारले गेले की ती खिडकी बंद करा आणि पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर फोन लावा. पैसे गेल्याचे लक्षात आले तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा. नातू घरी यायची वाट पाहू नका.